नाल्याखालची नळी

मी धुळ्याहून लग्न होऊन असोद्याला आले, तेव्हा आखातात लढाई पेटलेली होती. माझे सासरे, म्हणजे सगळ्यांचे आबा, रेडिओवरच्या बातम्या शेजारी ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं लावून अशा ऐकायचे, की तेलाच्या विहिरी आमच्याच केळीच्या बागेत आहेत असं वाटावं.

आमच्या घरचं इंधन मात्र शेणाचं. गोबरगॅसचा खड्डा नाल्यापलीकडे गोठ्याजवळ, स्वयंपाकघर अलीकडे, आणि मधली काळी नळी नाल्याच्या पाण्याखालून आणलेली. एकदा बातम्यांत आलं, की समुद्राखालच्या तेलाच्या नळ्यांना घातपाताचा धोका आहे. आबांनी रेडिओ बंद केला आणि बराच वेळ नाल्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तव्यावर भाकरी टाकली आणि शेगडी फुस्स करून विझली.

"घातपात!" आबा ओसरीवरून ओरडले. संशयितही तयारच होता. शेजारचे नाना, आबांचे चुलतभाऊ. बांधाच्या भांडणापासून दोघांचा अबोला होता.

"आधी नळी तं पाहा," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघं नाल्यावर गेलो. पाण्यात बुडबुडे येत होते आणि त्यांच्यावर नानांची म्हैस डोळे मिटून बसली होती. गुदगुल्या होत असाव्यात, कारण काही केल्या उठेना. शेवटी आबांनाच अबोला मोडावा लागला.

"नाना! तुह्या म्हशीनं माही नळी तोडली!"

नाना धावत आले, म्हैस बघितली आणि काठावर बसून हसत सुटले. "भाऊ, तिले रेडिओ कुठं समजतो?"

आबांनी रागावून बघायचा प्रयत्न केला, तो फसला. मग दोघंही धोतर खोचून पाण्यात उतरले. नानांनी म्हैस हाकलली, आबांनी निखळलेला सांधा बसवून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली.

"उद्या पुन्हा बसली तं?" आबांनी विचारलं.

"मलेबी एक फाटा दे," नाना म्हणाले. "शेण माह्या गोठ्यातलंबी घे. मंग मीच तिले इकडे फिरकू देत नाही. चूल विझली तं बायको मले घरात घेईन का?"

फाटा जोडला गेला. नानांनी स्वतः नाल्यात बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. नवी अडचण एवढीच, की त्यांच्याकडे पाहुणे आले की आमची शेगडी मिणमिणायची आणि डाळ शिजता शिजायची नाही. मग सासूबाई मला नानांच्या बायकोला हाक मारायला मागच्या दारी पिटाळायच्या. इथल्या बोलीतलं माझं पहिलं खणखणीत वाक्य मी तिथूनच ओरडले:

"काकू, आटपा ना! आमची डाय अजून कच्चीच हाये!"