पडकईत वाचलेला अहवाल

एका जागी बसणं मला कधी जमलं नाही. म्हणूनच बहुधा घरच्यांनी मला द्राक्षबागेतून काढून समाजकार्याच्या पदवीला घातलं. वारूळवाडीच्या बागायतदाराचा मुलगा मी. गावाकडची माणसं मला न विचारता कळतात, असा माझा समज होता. 'मानवी वाढ आणि व्यक्तिमत्त्व विकास' हा पेपर आल्यावर तर त्या समजाला पुस्तकाचा टेकू मिळाला.

क्षेत्रकार्याला आंबेगावच्या पश्चिमेचं एक डोंगरी गाव मिळालं. किशोरवयातल्या एका व्यक्तीचा अभ्यास करून सोमवारी अहवाल द्यायचा होता. मी शनिवारी उगवलो. एका भातशेतकऱ्याची बारावी झालेली मुलगी ओटीवर माझ्यासमोर बसली, शेजारी तिचे वडील. परतीची एसटी चारची, त्यामुळे माझा एक डोळा घड्याळावर.

"तुला स्वतःचे निर्णय घेता येतात का?"

ती वडिलांकडे बघायची, मग जमिनीकडे. पुढच्या प्रश्नाला तर उठून चहाच ठेवायला गेली. मी लिहिलं, 'आत्मविश्वास कमी. निर्णयक्षमता कमी. घरापासून दूर राहण्याची मानसिक तयारी नाही.' शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की एसटीत दोनदा वाचलं.

अभ्यास ज्याचा, त्याला अहवालाची प्रत द्यावी, असं कॉलेजच्या बाईंनी शिकवलं होतं. मी कॉलेजचा गोल शिक्का मारून प्रत त्या गावाला जाणाऱ्या कंडक्टरच्या हाती दिली आणि विसरलो.

पंधरा दिवसांनी त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला.

"साहेब, बरं झालं तुमी शिक्का मारून लिव्हून दिलं. पोरीचा नर्सिंगचा फार्म भरणार व्हतो. उद्या शेवटची तारीख. आता न्हाई भरत."

वर आभारही मानले. नर्सिंगचं मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. परत फोन लावला तर रेंज गेलेली. मोटरसायकल काढली. धरणाच्या कडेने जाताना तोंडाने नवा अहवाल तयार करत होतो आणि प्रत्येक वळणावर तो खोडत होतो.

घराला कडी. सगळे भाताच्या खाचरात. गावात पडकई चालू होती, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाची भातलावणी करायची, उद्या दुसऱ्याची. मजुरी नाही, फक्त पाळी. चिखलात वीसेक बाया वाकलेल्या आणि बांधावर ती मुलगी उभी.

"मामी, तुमी वरल्या खाचरात जा, तिथं पानी कमी हाय. काकी, तुमचं कंबरंचं दुखनं हाय, तुमी रोपाच्या मुठी बांधा."

आईच्या वयाच्या बाया मुकाट हलत होत्या. कुणाची पाळी कधी, कुणाच्या घरून किती माणसं यायची, सगळं तिच्या डोक्यात. मला पाहून तिने रोपाची एक मूठ माझ्या हातात दिली. मी पँट दुमडून उतरलो.

"पावणं, भात लावताय का खुट्या ठोकताय?" एक म्हातारी म्हणाली.

मी हळूच मुलीला विचारलं, "त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तुमी वडलांम्होरं इचारलं, निर्णय घेता येतो का म्हनून. वडलांम्होरं पावण्याला 'व्हय, मीच ठरवते' म्हनू?"

मला चिखलातून पाय उपसता येईना. वडील नांगर सोडून आले. मी म्हणालो, "माझं चुकलं. तो कागद धरू नका."

"पर शिक्का हाय की त्याच्यावर."

नवा शिक्का आणायचा तर कॉलेज गाठायचं. तोवर तारीख गेली असती. त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेली प्रत काढली. "एवढं चुकलंय तर वाचा मोठ्यांदा. समदी ऐकू द्या."

मी वाचलं. "आत्मविश्वास कमी." वरच्या खाचरातून कुणीतरी खुदकन हसलं. "निर्णयक्षमता कमी." मामी कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. "मंग आमाला सकाळपून कोन पळवतंय, राव?" बाया हसायला लागल्या. घरापासून दूर राहण्याचं ते लाडकं वाक्य मी गिळणार होतो, पण वडील वाट पाहत होते. तेही वाचलं. त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

मी शिक्क्याशेजारी 'हे सर्व घाईत लिहिले, चूक आहे' असं लिहून सही केली. चिखलाचा अंगठा आपोआपच उठला. वडील कागदाकडे बघत राहिले, मग पोरीकडे.

"जायाचं का तुला?"

तिने या वेळी जमिनीकडे बघितलं नाही. उरलेल्या खाचरांवर नजर फिरवली, बोटांवर काहीतरी मोजलं.

"उद्या पाळी मामीची. आपल्या घरून आई जाईल. आपन सकाळच्या यष्टीनं जाऊन फार्म भरून येऊ."

वडिलांनी मान हलवली आणि नांगराकडे वळले. मी बांधावर चढायला लागलो, तर मागून तिचा आवाज आला.

"सर, जायच्या आधी तुमची ओळ पुन्यांदा लावा. समदी रोपं तरंगाय लागल्यात."