अढीच्या दाराचं सूत्र

मंडळी, आज सासऱ्यांनी आंब्याच्या अढीच्या खोलीची चावी सासूबाईंना देऊन टाकली.

पेंढ्यातला आंबा मागेपुढे पिकणार, हे माझं संगणकावरचं जुनं मॉडेल अचूक सांगायचं, पण का ते सांगत नसे. सासरे म्हणायचे, "कारण सांग, मग ऐकतो."

म्हणून यंदा संगणकालाच सूत्रं बनवायला लावली. चांगल्या सूत्रांची एकमेकांवर कलमं बांधायची, बाकीची टाकायची, असं पिढ्यान् पिढ्या. शेवटी एकच ओळ उरली. आंबा मागेपुढे पिकतो तो तीनच गोष्टींमुळे: खोलीतली उष्णता, पेंढ्याचा थर आणि दार किती वेळा उघडलं.

सासऱ्यांनी ती दोनदा वाचली. "म्हणजे मी सारखा वास घ्यायला जातो म्हणून?"

"इतकी वर्षं मी काय सांगत होते?" सासूबाई म्हणाल्या.

आता ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेत. तुमच्या अढीत कोण डोकावतं?