आजोबांचे भाऊबंद

आमचं आडनाव उसनं आहे.

हे मला गेल्या महिन्यात कळलं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

आज आजोबांचा स्मृतिदिन. फोटोला हार घातला, पण तेवढ्याने भागेना, म्हणून लिहितेय.

भोपाळ राजधानी झाली तेव्हा नागपूरहून जी ऑफिसं इकडे आली, त्यातल्याच एका ऑफिसात आजोबा क्लार्क होते. कॉलनीतली बाकीची मराठी कुटुंबं उन्हाळ्यात गावी जायची. आम्ही कुठेच नाही.

आजोबांच्या लग्नात त्यांच्याकडून ऑफिसातले दोन मित्रच होते म्हणे. आजीने तर्क केला, इस्टेटीवरून भाऊबंदांशी बिनसलं असणार. आजोबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग घरात तेच खरं झालं. बाबा तर आपल्या वडिलांना आयुष्यभर माणूसघाणे म्हणत आले.

मी पहिल्यापासून फटकळ. कॉलेजात असताना एकदा तोंडावर म्हणाले, "तुमच्या तिरसटपणामुळे आपल्याला कोणी नाही. उद्या खांदा द्यायला शेजारी बोलवावे लागतील."

आजोबा म्हणाले, "शेजारी चांगले आहेत आपले."

आणि मटार सोलत बसले.

गेल्या वर्षी बाबा गेले. भोपाळच्या कोटरा भागातल्या या फ्लॅटमध्ये आता मी एकटी. बाबा गेले त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या शर्माजींनी विचारलं, "दीदी, फॅमिली में और किस-किस को फोन करना है?"

मी मोबाइल उघडून नावं चाळली. आई-आजीच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. घरचा म्हणावा असा एकही नंबर नव्हता.

तेव्हाच ठरवलं, आजोबांचे भाऊबंद शोधायचे. भांडण जुनं, माणसं नवी. कोणीतरी चुलतभाऊ निघेल, दिवाळीला फोन तरी करेल.

ट्रंकेत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावर वर्ध्याकडच्या एका गावाचं नाव. तिथे गेले. शाळेतल्या बाईंनी जुनं रजिस्टर काढून दिलं. पालक म्हणून तिथल्याच एका मास्तरांचं नाव, आडनाव आमचंच. मला वाटलं, जिंकले.

मास्तरांचा मुलगा अजून आहे. नव्वदीच्या पुढचा, ओसरीत खाटेवर.

"तो आमचा नव्हता बाई," ते म्हणाले. "मायबाप साथीत गेले त्याचे. पोरगा हुशार, म्हणून माह्या बापानं आपलं नाव लावून शाळेत घातलं. सात घरी वार लावून जेवे. आमच्याकडे बुधवार."

रोज एका घरी जेवण. सात वार, सात घरं. त्यातलं एकही त्यांचं नाही.

"भांडण कशावरून झालं मग?" मी विचारलं.

"कायचं भांडण? नोकरी लागल्यावर सातही घरी कार्ड टाकलं त्यानं. लग्नाचं टाकलं. पोरगा झाल्याचं बी टाकलं."

"मग?"

"कोणीच उत्तर नाही देलं. बायकापोरं घेऊन हा दारात येऊन राहीन, असं वाटे सगळ्यायले. माहा बाप तवा नव्हता. मी होतो. मी बी नाही देलं."

मग जेवून जा म्हणाले. मला जेवण गेलं नाही.

परत येताना गाडीत सारखं एकच डोक्यात होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं त्यांना. आजीला, बाबांना, मला. का नाही सांगितलं?

आता वाटतं, सांगितलं असतं तर आम्हालाही कळलं असतं की आपल्याला कोणीच नाही. भांडलेले का होईना, पण भाऊबंद आहेत, असं त्यांनी आम्हाला वाटू दिलं. त्यासाठी वाईटपणा स्वतःकडे घेतला आणि घरच्यांचे टोमणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

त्या खोट्या गोतावळ्याच्या भरवशावर मी पंचावन्न वर्षं काढली. गेल्या महिन्यापासून तोही नाही.

आजोबा, कॉलेजात असताना मी तुम्हाला जे बोलले ते चुकलं. तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

तुम्हाला नमस्कार.