मान तुटलेल्या बिशपांबरोबर पेण आणि रोहा

पेण-रोह्याला जायचं ठरलं ते शेजारच्या फिलोमिनामावशींच्या हट्टामुळे. घर बदलताना त्यांच्या संत ब्लेझ यांच्या प्लास्टरच्या मूर्तीची मान तुटली, आणि पुढच्याच आठवड्यात मावशींचं घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. जन्मभर चर्चमध्ये गायलेल्या बाईंचा आवाज आधीच घोगऱ्या कुजबुजीवर आला होता. ब्लेझ हे घशाचे संत. आवाज जायच्या आत त्यांच्याशी बोलायचं, तेही धड मूर्तीसमोर, एवढंच मावशींचं मागणं होतं. मी देवधर्मातली नाही, पण गाडी माझी आणि जानेवारीतलं कोकण मला आवडतं.

पनवेल सोडलं की पेण फार लांब नाही. सकाळी लवकर निघालात तर ट्रकांचा जाच कमी. मूर्ती जोडून घ्यायची होती ती इथल्या गणपतींच्या कारखान्यांत, आणि ते या दिवसांतही चालू असतात. आत नुसते पांढरे गणपती, रंगाची वाट बघत बसलेले. एका कारखान्याच्या मालकीणबाई, वंदनाताई, यांनी आमच्या मूर्तीचं बोचकं उघडलं आणि चटकन हात मागे घेतला.

"भंगलेली मूर्ती आमी जोडत नाय. पान्यात सोडायची नि दुसरी घ्यायची."

मावशी बोलायला गेल्या, आवाज फुटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. झालं! मी नास्तिक बाई, गणपतींच्या गर्दीत ख्रिस्ती संताचं चरित्र सांगायला उभी राहिले. आर्मेनियातले बिशप, मूळचे वैद्य. रोमन अमलात ख्रिस्ती लोकांची धरपकड सुरू झाली तेव्हा ते डोंगरातल्या गुहेत राहिले. आजारी जनावरंही तिथे येत म्हणतात. पकडून नेत असताना एका पोराच्या घशात अडकलेला माशाचा काटा त्यांनी काढला. धर्म सोडावा म्हणून सुभेदाराने लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी त्यांचं अंग सोलून काढलं. ते बधले नाहीत, तेव्हा मान उडवली.

वंदनाताईंच्या हातातला ब्रश थांबला होता.

"मान गेली म्हनून तर ते देव झाले ना?"

"हो, तसंच."

"मंग ही भंगली कशी म्हनायची? ठेवा. उद्या दुपारी या."

मूर्ती वाळेपर्यंत रोहा. वडखळला अलिबागचा फाटा उजवीकडे सोडून सरळ नागोठणं, पुढे कोलाड. तिथल्या खानावळीत जेवण साधं आणि खिशाला परवडणारं. मालक मावशींना म्हणाले, "जिताडा घ्या, ताजा हाय. काट्याची काळजी नाय." मावशी आवाज न करता हसल्या. काटा काढणारे आमचे बिशप पेणला वाळत पडले होते. मावशींनी दहीभात घेतला, कारण दुसरं गिळवत नव्हतं.

रोह्यात कुंडलिकेच्या काठी फिरलो. संध्याकाळी ओळखीच्या शेतावर पोपटी खाल्ली, म्हणजे भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. थंडीत गेलात तर चुकवू नका. लॉज बरा होता, पण शनिवार-रविवारी आधी फोन करून जा.

दुसऱ्या दिवशी मूर्तीची मान जोडलेली होती, झग्याचा लाल रंगही वाळला होता. फक्त डोळे कोरे होते. "डोळं आमी शेवटी काढतो," असं म्हणत वंदनाताईंनी श्वास रोखून बारीक ब्रश फिरवला आणि बाजूला झाल्या. "आता बघतायत ते. बोल गो बाय, काय बोलायचं ते."

मावशींनी टेबल घट्ट धरलं.

"सुभेदाराने मान मागितली, तू दिलीस. डॉक्टर माझा आवाज मागतायत. घे. भीती तेवढी काढ."

मला रडू आलं. वंदनाताई उगाचच ब्रश धूत राहिल्या.

ऑपरेशन नीट झालं. मावशी आता खुणांनी बोलतात, माझ्या स्वयंपाकाची थट्टासुद्धा खुणांनीच करतात. त्या घाबरल्या होत्या की नाही, ते मी विचारलेलं नाही. मी अजूनही देवधर्मातली नाही. पेणचे कारखाने आणि रोह्याची पोपटी यांसाठी मात्र नक्की जा, दोन दिवस पुरतात. फोटो खाली दिलेत. डोळे काढतानाचा व्हिडिओही आहे, पण तो इथे टाकत नाही. त्यात मावशींचा आवाज आहे.