पाण्यावरून फिरणारी पट्टी

एका पेशंटच्या गाठीचे काप पाण्यावरून काचेवर उचलून झाले, की मानसी कागदाची पट्टी पाण्यावरून अलगद फिरवते आणि फेकून देते. मगच पुढच्या पेशंटची पाळी. लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच सवय लावतो. मेणात बसवलेल्या तुकड्याचे काप इतके तलम असतात, की एखादा कण मागे तरंगत राहतो आणि दुसऱ्याच्याच काचेवर जाऊन बसतो. कोण कुणाचं, हे पाण्याला कळत नाही.

आज मी तिच्या मागे उभा राहून संशयाने बघत होतो. काल माझ्या बायकोच्या गाठीचा रिपोर्ट आला. वाईट आला. काप सोमवारी मानसीनेच घेतले होते. ते कुणाचे, हे तिला ठाऊक नाही.

"सोमवारी पाणी पुसलं होतंस ना?"

"हो, सर."

"नक्की? घाईत राहून जातं कधी कधी."

"तुमचे टोमणे ऐकून कुणाचं राहील, सर? आता घरी चहा गाळतानाही पट्टी शोधते मी."

ती हसली. मला हसता आलं नाही. बायकोच्या काचेवर दिसलेला तो रोगाचा कण दुसऱ्या कुणा बाईचा असावा, असं मला मनापासून वाटत होतं. त्या बाईला घर असेल, नवरा असेल, हे मी मनात येऊच दिलं नाही.

ज्या निष्काळजीपणावर आयुष्यभर ओरडत आलो, तोच मी एका शिकाऊ मुलीकडे मागत होतो, आणि तिच्याकडे तो नव्हता.