लातूरचं ऑफिस बंद झालं तेव्हा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी शाळेत होते. आमचं मूळ गाव मुदखेडजवळ. वडील महसूल खात्यात कारकून, आणि आमच्या घराण्यातले पहिले शिकलेले. आजोबांनी बुद्धधम्म घेतला तेव्हा वडील लहान होते. शिक्षण आणि सरकार, या दोन गोष्टींवर त्यांचा पक्का भरवसा. नव्या कलेक्टर कचेरीत त्यांनी बदली मागून घेतली. म्हणायचे, "जिल्हा झालाय आता. कॉलेजं येतील, कारखाने येतील, पाणी येईल. लेकरांना गाव सोडायचं काम पडणार न्हाई."

मला सोडावं लागलंच. इंजिनिअरिंग नांदेडला, नोकरी पुण्याला, आणि बऱ्याच वर्षांनी मी एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची प्रमुख झाले. वडील तोवर गेले होते.

एवढी मोठी कंपनी कशी चालवता, असं लोक विचारायचे. मी सांगायचे, माणसं नीट निवडायची आणि मग त्यांच्या कामात लुडबुड करायची नाही. हजारो माणसांची कंपनीही अशी चालते, यावर माझा तेव्हा खरोखर विश्वास होता.

त्याच विश्वासावर मी लातूरला ऑफिस काढलं. संचालक मंडळ नाखूशच होतं. तिथला प्रमुख म्हणून मी हिमायतनगरकडच्या एका शेतकरी घरातल्या माणसाला नेमलं. पुण्यात त्याने माझ्याबरोबर काम केलं होतं. उदगीर, निलंगा, भोकर इथली मुलं-मुली त्याने निवडली. परदेशातल्या एका मोठ्या ग्राहकाचं काम त्यांच्याकडे दिलं आणि त्यांनी ते चोख केलं. आपल्या भागाचं काहीतरी होतंय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग दुष्काळ पडला. धरण आटलं, ऑफिसची बोअर कोरडी पडली. आम्ही टँकर लावला. शहरात रेल्वेने पाणी येऊ लागलं. काही दिवसांनी पुण्याच्या ऑफिसातून माझ्याकडे तक्रार आली की लातूरचा प्रमुख अर्धा टँकर रस्त्यावर वाटतो. मी त्याला फोन केला.

"अर्धं पाणी बाहेर देऊन राहिलात म्हणे?"

"हाव मॅडम. आत नळाला पाणी अन् भिंतीबाहेर बाया घागरी घेऊन उन्हात उभ्या. पोरांचं कामात ध्यान लागंना. काहींच्या आया त्याच रांगेत हायत."

"मग काम?"

"काम थांबलं न्हाई. बघा तुम्ही."

मी बघितलं. खरंच थांबलं नव्हतं. "द्या पाणी," मी म्हणाले.

पण पाण्याच्या रेल्वेची बातमी ग्राहकापर्यंत पोचली होती. त्यांनी विचारलं, या शहरात आमचं काम सुरक्षित आहे का? तो प्रश्न संचालक मंडळासमोर आला. मी कामाचा सगळा हिशेब मांडला. एक ज्येष्ठ संचालक शांतपणे म्हणाले, "पुढच्या वर्षी पाऊस पडेल, याची खात्री देता?"

मला देता येईना. तशी खात्री कोण देणार?

"मग आपण काय बोलतोय?" ते म्हणाले. ऑफिस बंद करायचं ठरलं. एकटी मी विरोधात होते. बैठक संपल्यावर मी त्यांना म्हटलं की मी राजीनामा देते. ते म्हणाले, "द्या. तुमच्या जागी येणारा ते बंदच करील, आणि मुलांना पुण्यात घेणार नाही." त्यात धमकी नव्हती. ते खरं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या माथ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात किती असतं, ते मला त्या दिवशी कळलं. सही तेवढी माझी होती.

सांगायला मी स्वतः लातूरला गेले. सगळे मोठ्या खोलीत जमले. मी बोलले, पुण्यातल्या जागांचं सांगितलं. भोकरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, आमचं काम खराब झालं का?"

"नाही."

"मग?"

"पाण्याची खात्री नाही म्हणून."

ती म्हणाली, "पाणी तर आमच्या घरीबी न्हाई. तरी रोज आलोच की आम्ही."

ती खाली बसली. कुणी रडलं नाही, भांडलं नाही. तशा गोष्टींची त्यांना सवय असावी, आणि तेच मला जास्त लागलं.

निम्मे पुण्याला आले. भोकरच्या मुलीला घरच्यांनी पाठवलं नाही, पुढे तिचं लग्न झाल्याचं कळलं. लातूरच्या प्रमुखाला मी पुण्यात चांगली जागा देऊ केली. तो म्हणाला, "मॅडम, सगळेच गेले तर हितं कोण राहावं?" त्याने मागे राहिलेल्या मुलांना घेऊन नांदेडला छोटी कंपनी काढली. थोडं काम आपल्याकडून द्यावं म्हणून मी प्रयत्न केला. आमच्याच खरेदी विभागाने नकार दिला, इतक्या लहान कंपनीला काम देता येत नाही, असा नियम होता. तो नियम माझ्याच काळात झाला होता आणि तेव्हा तो सगळ्यांना शहाणपणाचा वाटला होता. मी अपवाद मागितला. फाइल विभागाविभागातून फिरली आणि तशीच परत आली.

पुढच्या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं. मी संचालकांच्या बैठकीत तेवढं सांगितलं. कुणी मान हलवली, आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

नंतर एकदा लातूरच्या त्या प्रमुखाचा फोन आला. नांदेडचं ऑफिस त्याने बंद केलं होतं, हैदराबादला नोकरी धरली होती.

"तुमची आई येते का सोबत?" मी विचारलं.

"न्हाई म्हणते. घराला कुलूप लावायचं न्हाई म्हणते." मग तो म्हणाला, "तुम्ही लई केलं, मॅडम."

तो मनापासून बोलत होता. मी फोन ठेवला. बाहेर पुढच्या बैठकीचे लोक माझी वाट बघत होते.