एक ते तीन दांडा खाली

दुपारी एक वाजता डोर्नहाकेनच्या तंबूंच्या तळावर जंगलसुद्धा आवाज खाली करतं. निदान हायड्रुन पागेलचा तसा ठाम समज आहे, आणि तिच्या समजाला आव्हान द्यायची छाती आजवर कोणाची झालेली नाही. एकाच्या ठोक्याला ती टपरीतून बाहेर येते, लाल-पांढरा दांडा खाली ओढते, कुलूप घालते आणि किल्ली गळ्यात अडकवते. तीन वाजेपर्यंत गाडी आत नाही, गाडी बाहेर नाही. तंबूची खुंटी ठोकायची नाही, चेंडू बडवायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, आणि बोलायचंच असेल तर कुजबुजायचं. पाइनच्या झाडांखाली साडेतीनशे तंबू आणि कॅराव्हॅन, पलीकडे वाळूची टेकाडं आणि समुद्र. एवढ्या सगळ्या पसाऱ्याला या बाईने अठ्ठावीस उन्हाळे रोज दोन तास झोपवलंय. सूट फक्त अँब्युलन्सला आणि बंबाला.

एकदा नगराध्यक्ष आले होते, सासूबाईंच्या वाढदिवसाचा आइस्क्रीमचा केक घेऊन. सासूबाई आत, जावई बाहेर, मधे दांडा. तीन वाजता तो केक सगळ्यांनी ग्लासातून प्यायला. हायड्रुनची सख्खी बहीण रोस्टॉकहून तीन तास गाडी चालवत एक वाजून चार मिनिटांनी पोचली, तर तिला म्हणे, "नातं तीननंतर. तोवर गाडीतच जरा पड." बहीण पुढे दोन वर्षं बोलत नव्हती. हायड्रुनला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही, पण नियम म्हणजे नियम.

तशी ती मुळातली करडी बाई नव्हे. गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत जन्मली, मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात नोकरीला लागली, तिथल्याच मानफ्रेडशी लग्न केलं. पुढे बर्लिनची भिंत पडली आणि वर्षभरात कारखानाही पडला. मानफ्रेड म्हणाला, "पश्चिमेला काम बघतो, ख्रिसमसला येतो." कुठल्या ख्रिसमसला, तेवढं सांगायचं राहिलं; पुढे टपालाने घटस्फोटाचे कागद तेवढे आले. हायड्रुनने तळावर संडास धुण्यापासून सुरुवात केली आणि चार वर्षांत फाटकावरच्या टपरीत येऊन बसली. त्यानंतर तिच्या आयुष्यात एकच गोष्ट अशी होती की जी ठरल्या वेळेला, ठरल्यासारखीच व्हायची, आणि ती म्हणजे हा दांडा.

बत्तीस नंबरच्या जागेवर योआखिम ऊलिग राहायचा. चेम्निट्झचा माणूस, चाळीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला, विधुर, पोट पुढे आणि बोलणं हळू. एप्रिलमध्ये कॅराव्हॅन घेऊन यायचा, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी परत जायचा. रोज पावणेएकला टपरीवर कॉफीचा थर्मास घेऊन हजर. या कॉफीवर अख्ख्या तळाचं लक्ष असे. एका उन्हाळ्यात त्याने लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, "सीझन संपू दे." पुढच्या उन्हाळ्यातही तेच, त्याच्या पुढच्याही. आता सीझन संपला की हा माणूस चेम्निट्झला जातो, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! पण घोडं दरवर्षी तिथेच पेंड खायचं.

यंदा मात्र त्याने परस्पर दीपगृहातल्या विवाह नोंदणी कार्यालयाची तारीख घेतली आणि थर्मासशेजारी कागद ठेवला. जुलैमधला गुरुवार, दुपारी दोन.

"जुलैत? ऐन गर्दीत?" हायड्रुन किंचाळलीच. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"चौथ्यांदा विचारतोय, हायड्रुन," योआखिम म्हणाला. "पाचव्यांदा नाही विचारणार."

तिने कागद दोनदा वाचला, घडी घातली, एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हणाली, "मग कॉफी ओत ना. बघत काय बसलायस?" झालं! तासाभरात शेवटच्या तंबूपर्यंत बातमी गेली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिकडच्या रीतीप्रमाणे मंडळी बत्तीस नंबरसमोर शकुनाची भांडी फोडायला जमली. पण तळावरची निम्मी भांडी प्लास्टिकची, ती मेली फुटता फुटेनात! शेवटी कोणीतरी न्हाणीघराच्या मागून जुनं चिनीमातीचं कमोड उचलून आणलं आणि ते असं काही फुटलं की टाळ्याच पडल्या. नवरा-नवरीने मिळून खापऱ्या झाडल्या. दहाच्या ठोक्याला हायड्रुननेच सगळ्यांना हाकललं.

आणि गुरुवार उजाडला. दुपारपुरती किल्ली कोणाला द्यायची, हे तिने महिनाभर आधीच ठरवलं होतं. अठरा नंबरच्या इल्झेबाई क्रामर, माग्डेबुर्गच्या शाळेत गणित शिकवलेल्या, वय सत्त्याहत्तर, पाठ अजून फूटपट्टीसारखी ताठ. दुपारी बारा वाजता निळा झगा घातलेल्या हायड्रुनने किल्ली त्यांच्या गळ्यात घातली आणि बजावलं, "एकला बंद. कोणीही येवो. पोलीस येवोत, पाद्री येवो. मी आले तरी उघडायचं नाही!"

"हे मला सांगतेस?" इल्झेबाई म्हणाल्या.

पावणेएकला निघायचं होतं. दीपगृह गाडीरस्त्याने आडगावाला वळसा घालून अठरा किलोमीटर. योआखिमची जुनी वार्टबुर्ग गाडी धुऊन पुसून, मागे वरातीचे खडखडणारे डबे बांधून तयार होती. पण त्याच वेळी एक हॉलंडचं कुटुंब एकोणचाळीस नंबरवर कॅराव्हॅन उलटी घालायला लागलं, आणि ती सरळ झाडाकडे चालली होती. हायड्रुनला ते बघवेना.

"अगं, राहू दे! लागली तर लागू दे!" योआखिम म्हणाला.

"माझं झाड आहे ते!" म्हणत ती गाडीतून उतरली. हातात निळ्या रानफुलांचा गुच्छ, त्याच गुच्छाने इशारे करत ती ओरडत होती, "डावीकडे! तुमचं डावं, माझं नव्हे! अहो, आरशात बघा, माझ्या झग्याकडे काय बघताय!" कॅराव्हॅन जागेवर बसली, झाड वाचलं. वार्टबुर्ग फाटकाशी पोचली तेव्हा एक वाजून तीन मिनिटं झाली होती.

दांडा खाली. कुलूप. टपरीत इल्झेबाई, समोर शब्दकोडं.

योआखिमने इंजिन बंद केलं, काच खाली घेतली आणि कुजबुजला, "इल्झे, माझं लग्न आहे."

"माहीत आहे की," इल्झेबाईही कुजबुजल्या. "भेटवस्तू आणलीये मी. तीन वाजता देते."

"दोनची वेळ आहे!"

"मग पावणेएकला यायचं होतं."

मागे वऱ्हाड जमलं होतं, चाळीसेक माणसं, कोणी घडीच्या खुर्च्यांसह. आणि वामकुक्षीची वेळ म्हणून सगळी कुजबुजत भांडत होती! "उघडा की हो!" "एकदाच!" "गावातली टॅक्सी?" "ती यायलाच पाऊण तास लागतो!" "नवरी तीच, दांड्याची मालकीण तीच, तिलाच सांगू द्या ना!"

इल्झेबाईंनी गळ्यातली किल्ली काढून हायड्रुनसमोर धरली. "ही बघ. तू सांग, मी उघडते. पण उद्या एक वाजता कोणी आजारी आईचं नाव सांगेल, परवा कोणी वाढदिवसाचं. त्यांना काय सांगायचं, तेही आत्ताच सांगून ठेव."

आपलेच दात, आपलेच ओठ! हायड्रुनचा हात किल्लीकडे गेला आणि मधेच थांबला. केकवाले नगराध्यक्ष आठवले, गाडीत झोपलेली बहीण आठवली. आज उघडलं तर तिला तेव्हा का नाही उघडलं? जेमतेम दहा सेकंद ती तशीच उभी राहिली असेल. पण ते दहा सेकंद योआखिमने पाहिले.

"कळलं," तो हळूच म्हणाला. गाडीतून उतरला, कोटावरचं फूल काढून बॉनेटवर ठेवलं आणि बत्तीस नंबरच्या दिशेने चालू लागला. ना राग, ना आदळआपट. पाठमोरा, जरा वाकून, एक पाय ओढत.

हायड्रुनने ती पाठ बघितली. अशीच मानफ्रेडची पाठ तिने रेल्वेच्या फलाटावरून जाताना पाहिली होती, आणि तेव्हाही ती गप्प उभी राहिली होती, चारचौघांत आरडाओरडा करायचा नसतो म्हणून.

"योआखिम!" ती ओरडली. "योआखिम ऊलिग! एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ!"

अख्खं जंगल दणाणलं. तीन तंबूंत तीन पोरं उठून रडायला लागली, कुत्री भुंकली, एकोणचाळीस नंबरचा हॉलंडवाला चड्डीवर बाहेर आला.

"हायड्रुन! वामकुक्षी!" इल्झेबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"खड्ड्यात गेली वामकुक्षी!" हायड्रुन आणखी मोठ्याने म्हणाली. "दांडा राहू दे खाली. बंदी इंजिनाला आहे, मला नाही! सायकली काढा सगळ्यांनी! जंगलातून सातच किलोमीटर आहे!"

योआखिम थांबला होता. वळून म्हणाला, "मला सायकल येत नाही."

"काय?"

"ट्रामला हँडल कुठे असतं? कधी गरजच पडली नाही."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच एक ते तीनच्या मधे तळावर हसू फुटलं, आणि थांबेचना. हायड्रुन मात्र हसली नाही. तिने टपरीच्या मागून सकाळचे पाव वाटायची तीनचाकी ओढून काढली. पुढे लाकडी पेटी, मागे पेडल. पेटीतली पावाच्या चुऱ्याने माखलेली चादर झटकली आणि म्हणाली, "बस."

"मी? यात? अगं, नव्वद किलो आहे मी!"

"रोज सहाशे पाव नेते मी यातून. बस म्हणते ना!"

आणि निघाली वरात. नवरा पेटीत गुडघे पोटाशी धरून, काळ्या विजारीला पावाचा चुरा, नवरी झगा कमरेला खोचून पेडल मारतेय, मागे तीस-पस्तीस सायकली. दांड्याच्या बाजूला पायी किंवा सायकलने जायची फट आहे, तीतून एकेक करून सगळे सटकले. इल्झेबाईंनी प्रत्येकाला नियमाप्रमाणे जाऊ दिलं, स्वतः मात्र जागच्या हलल्या नाहीत. नाक तेवढं दोनदा पुसलं.

वाटेत मुळं आणि वाळू, तीनचाकी अशी उसळत होती की विचारू नका. योआखिमची चाळीस वर्षांची सवय कुठे जाणार! "पुढे वळण आहे!"

"दिसतंय मला!"

"वेग कमी कर!"

"तू घंटी वाजव आणि गप्प बस!"

त्याने घंटी धरली ती सोडलीच नाही. वाळूच्या टेकाडांजवळून जाताना त्या किनाऱ्याच्या रिवाजाने उन्हात दिगंबर पडलेली मंडळी उठून उभी राहिली आणि त्यांनी हात हलवले, कोणीतरी टोपी असल्याप्रमाणे सलामही केला. "उतावळा नवरा!" कोणीतरी ओरडलं. "उतावळी ती आहे!" योआखिमने पेटीतून उत्तर दिलं.

दोन वाजून सहा मिनिटांनी ते दीपगृहाशी पोचले. नोंदणी करणारी वेंटबाई, तिशीतली पोर, दारात उभी राहून घड्याळ बघत होती. पुढचं जोडपं अडीचला. आत खोली एवढीशी, वऱ्हाड खिडक्यांतून आत वाकून बघत होतं. हायड्रुनचा श्वास लागलेला, केस सुटलेले, झग्याच्या काठाला वंगण.

वेंटबाईने कायद्याचं वाक्य वाचलं आणि आधी हायड्रुनला विचारलं. हायड्रुनने तोंड उघडलं आणि भलतंच बोलली.

"थांब जरा. आधी याला एक सांगायचंय." ती योआखिमकडे वळली. "मघाशी मी थांबले ना, ते त्या दांड्यासाठी नव्हे. म्हणजे होतं दांड्यासाठी, पण तेवढंच नव्हे. मला भीती वाटत होती रे. टपरीत येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, जाणार कधी? तो तारीख सांगतो, मी लिहून घेते, आणि त्या तारखेला तो जातो. तूही दरवर्षी तारीख सांगितलीस आणि त्याच दिवशी गेलास, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. यंदा मी तुला विचारलंच नाही. धीरच झाला नाही."

योआखिमने विजारीवरचा चुरा झटकला, पुन्हा झटकला.

"मग आत्ता विचार," तो म्हणाला.

हायड्रुनने विचारलं, "जाणार कधी?"

"जाऊ कुठे? चेम्निट्झचं घर मी मे महिन्यातच सोडलं. दोन दिवस गेलो होतो ना, तेव्हा किल्ल्या मालकाला देऊन आलो."

"मे महिन्यात? आणि मला आत्ता सांगतोस, मेल्या?"

"सीझन संपू दे म्हटलं."

"आणि मी आज आलेच नसते तर? कुठे राहणार होतास हिवाळ्यात?"

"बत्तीस नंबरात," योआखिम म्हणाला. "गोठलो असतो."

हायड्रुनने हातातला फुलांचा गुच्छ त्याच्या खांद्यावर एकदा आपटला, दोनदा आपटला, आणि तिथेच कपाळ टेकून रडायला लागली.

वेंटबाईने घड्याळाकडे बघितलं, मग या दोघांकडे बघितलं. "हायड्रुनबाई," तिने हळूच विचारलं, "हे मी 'हो' समजू का?"

"मग काय समजणार?" हायड्रुन मान वर न करता म्हणाली. "लिही, बाई, लिही लवकर."